पाणी ओसरल्यावर उरलेले कपाट : मुंबईच्या उपनगरांतील फर्निचर आणि त्याची निगा

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पवई, मरोळ, साकीनाका, कुर्ला अशी वाहणारी मिठी नदी काठ सोडून घराघरांत शिरली. पाणी ओसरल्यावर तळमजल्यावरच्या संसारांची परीक्षा सुरू झाली. लाकडाचा भुसा दाबून बनवलेल्या फळ्या पाण्यात पावासारख्या फुगतात. प्लायवुडचे थर पानापानांनी सुटतात. पत्र्याच्या कपाटाला तळाकडून गंज चढू लागतो. आणि आजोबांच्या काळातले सागवानी कपाट मात्र चिखल धुऊन, सावलीत महिनाभर वाळवले की बहुधा पुन्हा उभे राहते.

पाणी एकच, निकाल चार. असे का, याचे उत्तर लाकडाच्या जातीत आहे तसेच ते गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासातही आहे. त्या इतिहासात ब्रह्मदेशातील एक युद्ध येते, दारूबंदीचा कायदा येतो, मतपेट्या येतात आणि लाक्षागृहही येते. #धागा

आरंभ शब्दांपासून करू. संस्कृतात ‘कपाट’ म्हणजे दार. मराठीत भिंतीतल्या कोनाड्याला दार बसले आणि दाराचे नाव सबंध वस्तूला मिळाले. हिंदीतील ‘अलमारी’ पोर्तुगीज ‘आर्मारिओ’वरून आली, ‘खुर्ची’ अरबी ‘कुर्सी’वरून, ‘पलंग’ संस्कृत ‘पर्यंक’ या शब्दाच्या कुळातला. एका खोलीतले सामान मोजायला घेतले तरी चार संस्कृतींची हजेरी लागते.

आजची उपनगरे म्हणजे जुनी साष्टी. पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत जिंकलेली आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतलेली. कोळी, आगरी, कुणबी, ईस्ट इंडियन अशा समाजांच्या या गावठाणांत फर्निचर नावाचा प्रकार जवळजवळ नव्हताच. बसायला पाट, निजायला बाज किंवा चटई, धान्याला कणगी, कपड्यांना पेटारा आणि भिंतीत फडताळ. निगाही तेवढीच साधी. जूनपूर्वी सामान उन्हात काढावे, कपड्यांत कडुनिंबाचा पाला घालावा, पेटारा जमिनीवर न ठेवता घडवंचीवर चढवावा. वाळवी जमिनीतून येते आणि ओलही जमिनीतूनच चढते. घडवंचीने दोन्ही शत्रू एकाच युक्तीने दूर ठेवले. पुढे आलेल्या प्रत्येक नव्या वस्तूच्या निगेचे मूळ सूत्र हेच राहिले, फक्त ते सांगणारे विसरले गेले.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईकडे पहिली लोकलगाडी धावली. त्या काळच्या स्थानकांच्या यादीत ‘बोरेवला’ आणि ‘अंदारू’ अशी नावे आढळतात. हीच आजची बोरिवली आणि अंधेरी. पूर्वेकडे ठाण्यापर्यंतची गाडी १८५३ पासूनच धावत होती. १८९६ च्या प्लेगनंतर शहरातून बाहेर पडण्याची घाई झाली, १९२० साली मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि गिरगाव-ठाकुरद्वारच्या चाळींतून निघालेली कुटुंबे पार्ले, अंधेरी, घाटकोपर, मुलुंडकडे सरकू लागली. त्यांच्याबरोबर पलंग, आरामखुर्ची, आरशाचे कपाट आणि लिहिण्याचे मेज आले. घाटकोपरच्या गुजराती घरांत पितळी कड्यांचा झोपाळा आला.

हे सामान बहुतांशी सागाचे असे. साग इतका मानाचा का, याचे उत्तर मुंबईच्या गोदीत सापडते. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे सागाची जहाजे बांधली. ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ साली मुंबईत मलबारी सागातून तयार झाले. ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. ओकच्या जहाजांना समुद्रातला किडा पोखरून काढी. साग टिकला, कारण त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते आणि टेक्टोक्विनोन नावाचे द्रव्य असते. वाळवी ते टाळते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. हे संरक्षण गाभ्यापुरतेच असते. सालीलगतचे फिकट लाकूड वाळवी आनंदाने खाते, आणि गडद रंगाचे पॉलिश चढवले की गाभा कोणता व कड कोणती हे डोळ्यांना कळत नाही. ‘सागवानी असूनही वाळवी लागली’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते. जुने जाणकार म्हणूनच कपाटाची पुढची बाजू न पाहता मागची, बिनपॉलिशची फळी पाहत.

मलबारचा साग कमी पडू लागला तसे व्यापाऱ्यांचे लक्ष ब्रह्मदेशाकडे वळले. १८६३ साली मुंबईत ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ स्थापन झाली. तिच्यामागे वॉलेस बंधू हे स्कॉटिश व्यापारी होते. १८८५ साली ब्रह्मदेशाच्या राजमंडळाने या कंपनीवर ठपका ठेवला, की तोडलेल्या ओंडक्यांचा खरा आकडा दडवून तिने राजाचे उत्पन्न बुडवले. मोठा दंड ठोठावला गेला. इंग्रजांना निमित्त हवेच होते. फ्रेंचांचा तेथील वाढता वावर त्यांना खुपत होता. नोव्हेंबर १८८५ मध्ये फौजा निघाल्या आणि त्याच महिन्यात मंडाले पडले. राजा थिबा आधी मद्रासला आणि १८८६ साली रत्नागिरीला आणला गेला. रत्नागिरीचा थिबा राजवाडा १९१० साली पुरा झाला, आणि १९१६ साली त्याच गावात या राजाचा अंत झाला. मराठी घरांत अजूनही ‘अस्सल बर्मा टीक’ असे अभिमानाने सांगितले जाते. त्या तीन शब्दांत एक बुडालेले राज्य आहे, हे सांगणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. (ती कंपनी आज वाडिया समूहाकडे आहे. सागाच्या इतिहासात वाडिया हे नाव असे दोनदा येते.)

सागाला वाळवीपासून निसर्गाने राखले, पण डागांपासून आणि दमट हवेपासून माणसाला राखावे लागले. त्यासाठी फ्रेंच पॉलिश. नाव फ्रेंच असले तरी मूळ वस्तू इथली. पळस, बोर, कुसुंब यांच्या फांद्यांवर लाखेचा किडा जो राळेसारखा स्राव सोडतो, तो शुद्ध करून पातळ पापुद्रे केले की चपडा तयार होतो. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, मऊ कापडात कापसाची गुंडी बांधून ती त्यात भिजवायची आणि गोल गोल हात फिरवत थरांवर थर चढवायचे. महाभारतातले लाक्षागृह ज्या पदार्थाचे, तोच हा पदार्थ. म्हणूनच असे पॉलिश नवे असताना जवळ निरांजन ठेवू नये.

या पॉलिशचे सारे गुणदोष एका गोष्टीतून निघतात : ते स्पिरिटमध्ये विरघळते आणि वाळल्यावरही पुन्हा विरघळू शकते. गरम चहाचा पेला ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते. अत्तर सांडले की पृष्ठभाग चिकट होतो. पावसाळ्यात पॉलिश केले तर हवेतला ओलावा थरात अडकून सगळे कपाट धुरकट पांढरे दिसते. उपनगरांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेव्हा पॉलिशवाल्याचा हंगाम दसऱ्याच्या आगेमागे, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात सुरू होई, यात परंपरेपेक्षा रसायनशास्त्र जास्त होते. पण हाच दोष गुणही होता. पांढऱ्या डागावर स्पिरिटने जेमतेम ओली केलेली गुंडी हलक्या हाताने फिरवली की थर पुन्हा विरघळून एकजीव होतो. सगळे खरवडून काढावे लागत नाही.

या स्पिरिटने एकदा राज्यकर्त्यांनाही जेरीस आणले. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा लागू झाला आणि १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. दारू मिळेना, तेव्हा काहींनी सुताराच्या बाटलीकडे मोर्चा वळवला. पिण्यास अयोग्य केलेल्या डिनेचर्ड स्पिरिटपासून बनणारी फ्रेंच पॉलिश, लॅकर आणि व्हार्निश ही द्रव्ये पुढे कायद्यातील दुरुस्तीने नाव घेऊन नियंत्रणाखाली आणावी लागली. कपाटाला चकाकी देणाऱ्या द्रवाची व्याख्या दारूबंदीच्या कायद्यात यावी, यावरून त्या काळाची कल्पना येते.

जुन्या लाकूडकामात आणखी एक वस्तू अशीच ‘उकलणारी’ होती : सरस. जनावरांची हाडे व कातडी उकळून केलेला हा चिकट पदार्थ सुतार डब्यात तापवून वापरी. वास असह्य. थंड झाला की घट्ट. शिवाय दमट हवेत बुरशी धरी. १९५९ साली बळवंत पारेख यांच्या उद्योगाने फेव्हिकॉल हा पांढरा, तापवावा न लागणारा डिंक आणला आणि सरसाचा डबा पाहता पाहता अडगळीत गेला. तरुणपणी मुंबईत एका लाकूड व्यापाऱ्याच्या कचेरीत शिपाई म्हणून काम केलेल्या माणसाने सुताराची रोजची अडचण ओळखली होती. त्याच्या कंपनीचे मोठे कार्यालय आज अंधेरीतच आहे.

सुताराचे कष्ट वाचले, ही गोष्ट मोठीच. तरी नफ्याबरोबर तोटाही नोंदवायला हवा. सरसाचा सांधा वाफ आणि ऊब दिली की सैल होतो. मोडलेला पाय काढून नवा बसवता येतो, बाकीची खुर्ची शाबूत राहते. पांढऱ्या डिंकाचा सांधा इतका पक्का, की बळ लावले तर सांधा न सुटता लाकूडच फाटते. टिकाऊपणा वाढला आणि दुरुस्तीची शक्यता घटली. घरगुती फर्निचरच्या इतिहासातले हे वळण फारसे कुणी नोंदत नाही, पण वाळवीपेक्षाही याचा परिणाम खोल आहे.

वेताच्या खुर्चीचा तर सारा संसारच उकलण्यावर उभा होता. अष्टकोनी भोकांची ती जाळी सहा फेऱ्यांत विणली जाते : दोन उभ्या, दोन आडव्या, दोन तिरक्या. बसून बसून जाळी खोल गेली तर खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने गरम पाणी लावतात आणि वाऱ्यावर वाळवतात. वेत आक्रसतो आणि बैठक पुन्हा ताणली जाते. कोरड्या हवेत वेत तडकतो, म्हणून त्याला अधूनमधून ओलावा हवाच. साष्टीची जी हवा लोखंडाची वैरीण, तीच वेताची दाई. जाळी फाटली तर नवी विणायची, सांगाडा तोच. अंधशाळांमधून हे काम पुष्कळ शिकवले गेले, कारण विणीची गणती बोटांना कळते, तिला डोळे लागत नाहीत. कचेऱ्यांतल्या वेताच्या खुर्च्या गेल्या आणि त्या बोटांचे कामही गेले. फर्निचर बदलले की कुणाची तरी रोजी बदलते, याचे हे स्पष्ट उदाहरण.

आता लोखंड. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलुपे बनवायला सुरुवात केली, मग तिजोऱ्या आल्या, आणि १९२३ साली पोलादी कपाट आले. चोर, आग आणि वाळवी या तिन्हींवर एकच उत्तर. १९४३ साली अर्देशिर यांचे बंधू पिरोजशा यांनी विक्रोळीची विस्तीर्ण जमीन घेतली. स्वातंत्र्यानंतर तेथे उभ्या राहिलेल्या कारखान्यात १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो पोलादी मतपेट्या तयार झाल्या. पत्रा कापणे, वाकवणे, जोडणे आणि त्याला कुलूप बसवणे, कपाटाचे हेच कसब लोकशाहीच्या कामी आले.

पुढील दोन-तीन दशकांत उपनगरांचे रूप पालटले. १९५० आणि १९५७ च्या विस्तारांनी अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड हे सारे बृहन्मुंबईत आले. पंतनगर, टिळकनगर, कन्नमवारनगर अशा गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती उभ्या राहिल्या. या लहान घरांत पोलादी कपाट हे केवळ कपाट नव्हते. कपडे, दागिने, शिधापत्रिका, पोरांचे दाखले, घराची कागदपत्रे असे सारे त्याच्या पोटात, आणि किल्ली आईच्या कमरेला. कंपनी कोणतीही असो, लोक म्हणत ‘गोदरेजचे कपाट’. लग्नात मुलीला पलंग, गादी आणि लोखंडी कपाट देण्याची रीत पडली. ती मायेची भेट होती की हुंड्याचे सभ्य नाव, हे घराघरांवर अवलंबून होते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आणि कपाटाची रीत मात्र त्यानंतरही तेजीत, एवढे मात्र खरे.

पण वाळवीवरचे उत्तर गंजाचा प्रश्न घेऊन आले. पत्र्याला कारखान्यात आधी फॉस्फेटचा थर देतात, मग रंग देऊन भट्टीत भाजतात. तो थर अखंड असेपर्यंत लोखंडाला हवा लागत नाही. एक ओरखडा उमटला, की खारट दमट हवा आत शिरते आणि गंज रंगाच्या खालून सरकत जातो. वरून फुगवटा दिसेपर्यंत आत पत्रा चाळण झालेला असतो. म्हणून ओरखडा दिसताच तो बारीक कागदाने घासून त्यावर रंगाचा ठिपका देणे, हीच लोखंडी कपाटाची खरी निगा. सगळ्यांत जास्त गंज तळाशी लागतो, कारण रोज लादी पुसताना पाणी पायांशी साचते. जुन्या गृहिणी कपाटाखाली लाकडी ठोकळे किंवा विटा सारीत आणि ओल आलेल्या भिंतीपासून ते चार बोटे दूर ठेवीत. घडवंचीचे सूत्र नव्या युगात असे विटेच्या रूपाने जिवंत राहिले. कपाटाच्या कुलपात मात्र तेल घालू नये. तेलावर धूळ बसून आतले भाग अडकतात. पेन्सिलीच्या शिशाची पूड, म्हणजेच ग्रॅफाइट, किल्लीला लावून ती दोनचार वेळा फिरवणे पुरते. बिजागरीला मात्र तेलाचा एक थेंब चालतो.

त्यानंतरचा इतिहास वेगाने घडला आणि तो वेगानेच सांगावा हे बरे. अमेरिकेत १९१३ च्या सुमारास विजेच्या कामातील अभ्रकाला पर्याय म्हणून ‘फॉर्मायका’ निघाले. अभ्रकाऐवजी, म्हणून ‘फॉर मायका’. त्याच कुळातला सनमायका आपल्याकडे इतका रुळला, की कंपनीचे नाव सामान्यनाम झाले. प्लायवुडवर सनमायका चिकटवला की पॉलिशवाल्याची गरज संपली. ओल्या फडक्याने पुसले की काम झाले. मात्र पाणी वरून नव्हे, कडेने शिरते. सनमायकाच्या फर्निचरची निगा म्हणजे त्याच्या कडांची निगा, आणि नेमके तिथेच कुणी पाहत नाही. प्लॅस्टिकच्या एकसंध खुर्चीचा आराखडा फ्रान्समध्ये आंरी मासोने यांनी १९७२ साली केला. भारतात ती घरोघर नेणाऱ्या नीलकमलचा कारभार अंधेरीतून चालतो. पाणी तिला काही करीत नाही, ऊन करते. गच्चीवर दोन-चार उन्हाळे काढलेली खुर्ची पांढुरकी पडून एके दिवशी बसणाऱ्यासकट मोडते. तिला सांधाच नाही, मग जोडणार काय?

शेवटी आला पार्टिकल बोर्ड. सुबक, स्वस्त, खोक्यातून येणारा. लाकडाचा भुगा आणि राळ यांची ही फळी एकदा फुगली की आक्रसत नाही, तिच्यातला स्क्रू एकदा सैल झाला की पुन्हा पकड घेत नाही. तिची निगा म्हणजे फक्त पाण्यापासून दूर ठेवणे. ते मुंबईच्या उपनगरात किती जमते, हे २००५ च्या जुलैने दाखवून दिले.

गेल्या काही वर्षांत अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील जुन्या इमारती पुनर्विकासात पडत आहेत. नव्या सदनिकेत भिंतीतच कपाटे बसवलेली असतात, आणि सागवानी पलंगाला जागा नसते. मग तो कुठे जातो? पुष्कळदा जोगेश्वरी पश्चिमेच्या ओशिवरा फर्निचर बाजारात. जुने लाकूडसामान घेणारे, दुरुस्त करणारे, चित्रपटांच्या सेटसाठी भाड्याने देणारे, आणि नव्या लाकडाला जुने रूप देणारेही तेथे शेजारी शेजारी बसतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये या बाजारात मोठी आग लागली. लाकूड, थिनर, स्पिरिट आणि लाख एकत्र असलेल्या जागेत आगीला फार काही करावे लागत नाही.

त्या बाजारातील कारागीर आजही जुन्या कपाटाचे पॉलिश स्पिरिटने उतरवतो, वाफ देऊन सरसाचा सांधा सोडवतो, कुजलेला पाय काढून नवा बसवतो आणि पुन्हा चपड्याचे थर चढवतो. पोलादी कपाट भंगारवाल्याच्या हातगाडीवरून जाते आणि वितळून पुन्हा पोलाद होते. फुगलेल्या पार्टिकल बोर्डला मात्र ना सुतार घेतो ना भंगारवाला. २०१८ पर्यंत असा कचरा मुलुंडच्या डम्पिंग ग्राउंडवरही जात असे. ते बंद झाल्यापासून शहराचा बहुतेक कचरा कांजूरमार्गला जातो, विक्रोळीच्या त्या जुन्या कारखान्यापासून एका स्थानकाच्या अंतरावर.